सहकारी शेतीवर वसलेल्या वाडीचे स्थापना-वर्ष कसे ठरवावे?

आपला प्रश्न मी दोन वेळा वाचला. वेदगंगेच्या काठची सत्तर-पंच्याहत्तर उंबऱ्यांची आपली वाडी सामुदायिक शेतीच्या सोसायटीमुळे वसली आणि येत्या दसऱ्याला तिच्या इतिहासाची स्मरणिका काढायची आहे. मात्र जुनी माणसे वाडी १९५७ साली बसली असे सांगतात, समाजमंदिराच्या कोनशिलेवर १९६१ हे साल आहे आणि सोसायटीच्या लेटरहेडवर ‘स्थापना १९६४’ असे छापलेले आहे. शिवाय तीन घरे, प्रत्येकी आपल्याच आजोबांना संस्थापक म्हणतात. यांतले खरे साल कोणते, खरा संस्थापक कोण आणि ते सिद्ध करणारे कागद कुठे मिळतील, असे आपण विचारले आहे.

मी सहकार खात्यात एकतीस वर्षे लेखापरीक्षक होतो. त्यातला बराच काळ कागल, भुदरगड, राधानगरी आणि करवीर तालुक्यांतल्या विकास सोसायट्या, पाणीपुरवठा संस्था आणि दूध संस्था यांची दप्तरे तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर काही संस्थांनी आपला इतिहास लिहिण्यासाठी बोलावले. त्यांत दोन शेती संस्था होत्या. पुढे जे लिहितो आहे ते त्या कामातून शिकलेले आहे. आपले दप्तर मी पाहिलेले नाही, त्यामुळे जिथे अंदाज आहे तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या तीन सालांत भांडण आहे असे मला वाटत नाही. तिन्ही खरी असू शकतात, कारण ती तीन वेगवेगळ्या घटनांची असू शकतात. जुन्या गावाचा शोध घेताना आपण पांढरी, म्हणजे गावठाण, कधी बसली एवढेच विचारतो. सहकारी शेतीच्या वाडीत मात्र चार गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडतात: जमीन हाती येते, माणसे तिथे राहायला जातात, संस्थेची नोंदणी होते आणि शिवारात पाणी येते. या चारींचा क्रमही ठरलेला नसतो. काही ठिकाणी आधी झोपड्या पडल्या आणि सात-आठ वर्षांनी नोंदणी झाली. काही ठिकाणी नोंदणीचा कागद आधी आला आणि मुक्कामाला माणूस जायला दोन पावसाळे गेले. आपण तीन साले दिलीत. पाण्याचे साल कुणीच सांगितलेले दिसत नाही. माझ्या अनुभवात तेच सर्वांत महत्त्वाचे निघते, पण त्याकडे नंतर येतो.

उत्तराचा बराचसा भाग एका गोष्टीवर अवलंबून आहे: जमीन मुळात कुणाची होती? मुलकी पड किंवा गायरानातली सरकारी जमीन सोसायटीला मिळाली असेल तर एक इतिहास होतो. सभासदांनी स्वतःच्या जमिनी एकत्र केल्या असतील तर दुसरा. आणि एखाद्या इनामदाराची किंवा परगावच्या जमीनदाराची जमीन कुळांकडे येऊन मग ती एकत्र झाली असेल तर तिसरा. सहकारी शेतीचे त्या काळी चार प्रकार मानत असत: सुधारित शेती, कूळ शेती, संयुक्त शेती आणि सामुदायिक शेती. आपल्या कामाचे शेवटचे दोन आहेत. संयुक्त शेतीत जमिनीची मालकी सभासदाकडेच राहते, कसणे एकत्र होते, आणि सभासदाला जमिनीबद्दल वेगळा मोबदला व कामाबद्दल वेगळी मजुरी मिळते. सामुदायिक शेतीत जमीन संस्थेच्या नावावर किंवा संस्थेकडे पट्ट्याने असते आणि सभासदाला कामाची मजुरी व नफ्यातला वाटा मिळतो. बोलताना लोक दोन्हींना ‘सामुदायिक’च म्हणतात, आपणही कदाचित तसेच म्हणत असाल. एका गावात तर स्मरणिकेच्या मसुद्यात ‘आमचे गाव म्हणजे इस्रायलचे किबुत्झ’ असे वाक्य होते. सातबारे पाहिले तर प्रत्येकाची जमीन प्रत्येकाच्या नावावर. किबुत्झमध्ये जमीन सगळ्यांची मिळून असते; इस्रायलशीच तुलना करायची हौस असेल तर ते गाव किबुत्झपेक्षा मोशावला जवळचे होते, म्हणजे १९२१ साली वसलेल्या नहलालसारखे, जिथे कुटुंबाची शेती कुटुंबाची आणि खरेदी-विक्री मात्र सहकारी. तुलना वगळावी असा सल्ला मी दिला आणि त्यांनी तो मानला.

त्या काळाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय १९५७ ते १९६४ या सात वर्षांचा अर्थ लागत नाही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९४८ चा कूळकायदा आपल्याकडेही लागू झाला. त्या कायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. (महार वतन शाहू महाराजांनी १९१८ मध्येच रद्द केले होते, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांत त्या जमिनींच्या नोंदी इतर जिल्ह्यांपेक्षा जुन्या सापडतात.) मग जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला, चरणसिंगांनी त्याला उघड विरोध केला, आणि ठरावाचा मोठा गाजावाजा झाला. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९६१ ते १९६६ या काळात, देशभर ३२० पथदर्शी प्रकल्प आणि प्रत्येकात दहा शेती संस्था असे लक्ष्य ठेवण्यात आले. या कामाचा आढावा घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते आणि तिचा अहवाल १९६५ चा आहे. अशा संस्थांना कर्ज, भागभांडवल आणि व्यवस्थापनासाठी अनुदान मिळत असे. म्हणून १९६० ते १९६५ या वर्षांत नोंदलेल्या कोणत्याही शेती सोसायटीबाबत मी आधी एकच प्रश्न विचारतो: माणसे आधीपासून एकत्र कसत होती आणि योजना आल्यावर नोंदणी केली, की योजना आली म्हणून एकत्र आली? दोन्हींत कमीपणा काही नाही. पण या दोन वाड्यांचे पुढचे आयुष्य फार वेगळे होते.

आता आपल्या सालांचा माझा अंदाज. १९५७ हे बहुधा जमिनीचे किंवा पहिल्या वस्तीचे साल असावे. कूळकायद्याशी त्याचा संबंध असेल तर फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदीत, ३२ग ची (कुळाने घ्यायच्या जमिनीची किंमत ठरवणाऱ्या कलमाची) नोंद दिसेल. १९६१ ची कोनशिला समाजमंदिराची आहे, सोसायटीची नव्हे. इमारतीचा पाया, उद्घाटन किंवा देणगीदाराच्या हातून झालेला एखादा समारंभ यांतले काहीही त्यावर असू शकते. १९६४ हे नोंदणीचे साल असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हे पडताळायला एक सोपी खूण आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था कायद्याचा उल्लेख असेल तर नोंदणी २६ जानेवारी १९६२ च्या आधीची, कारण त्या दिवसापासून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अमलात आला. नव्या अधिनियमाचा उल्लेख असेल तर त्यानंतरची. आणखी एक सावधगिरी: त्या काळी सहकारी वर्ष जुलै ते जून असे होते. ताळेबंदावर ‘३० जून १९६५ अखेर’ असेल आणि खाली ‘पहिले वर्ष’ असेल, तर नोंदणी १९६४ ची किंवा १९६५ च्या पूर्वार्धातलीही असू शकते. लेटरहेड छापणाऱ्याने सोयीचे साल घेतलेले मी पाहिले आहे.

कागद शोधताना मी एक कसोटी लावतो, आणि आपणही ती लावावी असे सुचवेन. ज्या कागदाशी त्या वेळी कुणाचा तरी पैसा, जमीन किंवा हक्क बांधलेला होता, त्यावर आधी विश्वास ठेवावा. जो कागद गौरवासाठी लिहिला गेला, त्यावर शेवटी. त्यामुळे कोनशिला, मानपत्रे, रौप्यमहोत्सवाचे अहवाल आणि मृत्युलेख माझ्या यादीत तळाशी असतात. फेरफार, कर्जरोखा, हजेरीपत्रक आणि रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) वर असतात.

म्हणून सुरुवात फेरफारापासून करावी. आजचा सातबारा घेऊन मागे जाऊ नका, कारण वाटण्या आणि पुनर्गटांमुळे वाट चुकते. वाडीतल्या सर्वांत जुन्या तीन-चार घरांच्या जागेचे आणि सोसायटीच्या मूळ जमिनीचे जुने सर्व्हे नंबर आधी शोधावेत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीच्या नकला मागाव्यात. गट पडण्यापूर्वीचे आणि नंतरचे नंबर जुळवण्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातील तक्ते लागतील. फेरफाराच्या नोंदीत तीन गोष्टी बारकाईने वाचाव्यात: जमीन कशी मिळाली, शर्त कोणती, आणि नोंद मंजूर कधी झाली. व्यवहाराची तारीख आणि मंजुरीची तारीख यांत वर्ष-दोन वर्षांचे अंतर सहज असते. सरकारी जमीन असेल तर नव्या अविभाज्य शर्तीचा, म्हणजे परवानगीशिवाय विकता किंवा वाटता न येण्याच्या अटीचा, शेरा असेल. भोगवटादार वर्ग २ ही आजच्या सातबाऱ्यावरची खूण तिथूनच आलेली असते. नोंद १९४९ च्या आधीची निघाली आणि कागद मोडीत असला, तर घाबरू नये. कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, आणि संस्थानकाळातील दप्तरासाठी कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाता येते. हेही सांगायला हवे की १९४८ च्या जाळपोळीत अनेक गावांतली कुलकर्ण्यांची घरे जळाली आणि त्यांच्याबरोबर दप्तरेही गेली. आपल्या मूळ गावात तसे झाले असेल तर त्याआधीचे काही मिळण्याची फार आशा ठेवू नये.

दुसरा कागद नोंदणीचा. तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात मूळ प्रस्ताव आणि मंजूर पोटनियमांची प्रत मागावी. प्रस्तावात मुख्य प्रवर्तकाचे नाव असते, अर्ज करणाऱ्या सभासदांची सह्या-अंगठ्यांसह यादी असते, भागाची रक्कम बँकेत भरल्याचा दाखला असतो. आपल्या ‘तीन संस्थापकां’चा निम्मा प्रश्न इथे सुटेल. निम्माच म्हणतो, कारण मुख्य प्रवर्तक हा बहुतेक वेळा गावातला चार इयत्ता शिकलेला, तालुक्याला जाऊन साहेबांसमोर उभा राहू शकणारा माणूस असे. जमीन दुसऱ्याने सोडलेली असे आणि माळावर पहिली झोपडी तिसऱ्यानेच घातलेली असे. माझा अंदाज आहे की आपली तीन घरे या तीन वेगवेगळ्या कामांची वारस असावीत. तसे निघाले तर तिघांनाही त्यांच्या त्यांच्या कामासह छापावे आणि ‘संस्थापक’ हा शब्द वगळावा. एका पाणीपुरवठा संस्थेची स्मरणिका केवळ या एका शब्दासाठी दोन वर्षे छापखान्यात पडून होती. शेवटी मूळ प्रस्तावातील यादी, अंगठ्यांच्या ठशांसकट, पहिल्या पानावर छापली. मग कुणीच काही बोलले नाही.

तिसरा संच संस्थेच्या स्वतःच्या दप्तराचा. इथे बहुतेक जण इतिवृत्ताची वही उघडतात आणि तिथेच फसतात. सभेचे इतिवृत्त हे सभेत जे घडले ते असतेच असे नाही. पुष्कळदा ते लेखापरीक्षक येणार म्हणून आदल्या आठवड्यात लिहिलेले असते. हे मी आमच्या खात्याचा माणूस म्हणून सांगतो, कारण आमच्या येण्याचीच ती भीती होती. एका संस्थेत पाच वर्षांची इतिवृत्ते एकाच शाईत, एकाच हाताची, आणि प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असा होता. त्याच संस्थेची रोजकीर्द वाचली तेव्हा वेगळेच चित्र दिसले: एकाच महिन्यात कोल्हापूरला जाण्याचे एस.टी.चे भाडे सहा वेळा, मुद्रांकाचा कागद, वकिलाची फी, आणि मग ‘चहापान, समेट’ अशी नोंद. तो समेट कशाचा, हे त्या नोंदीवरून तारीख काढून म्हाताऱ्या माणसांना विचारले तेव्हा कळले: अर्ध्या सभासदांनी आपापल्या जमिनी परत मागितल्या होत्या. इतिवृत्तात त्याचा एक शब्द नव्हता. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी रोजकीर्द, मग खतावणी (खातेवार हिशेबाची वही), मग हजेरीपत्रक आणि सर्वांत शेवटी इतिवृत्त. रोजकिर्दीतील रकमा रुपये-आणे-पैत असतील तर पान १९५७ च्या आसपासचे किंवा आधीचे; एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तरी खेड्यातले हिशेब आणखी काही काळ आण्यांत चालू राहिले, एवढी सूट ठेवावी.

हजेरीपत्रकाबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण शेती संस्थेखेरीज इतर संस्थांत ते अशा स्वरूपात मिळत नाही. सभासदांची नोंदवही, ज्याला आम्ही ‘आय’ नमुना म्हणतो, तिच्यात भाग ज्याच्या नावावर त्याचेच नाव येते. म्हणजे बहुतेक पुरुष आणि एखाद-दुसरी विधवा. रोज शेतावर कोण गेले ते मात्र हजेरीपत्रकात असते. मी पाहिलेल्या एका सोसायटीत भात रोपलावणीच्या महिन्यांत निम्म्याहून जास्त हजेऱ्या बायकांच्या होत्या आणि मजुरीचा दर पुरुषांपेक्षा कमी होता. काहींची नावेही पूर्ण नव्हती. अमक्याची आई, तमक्याची सून, एवढेच. स्मरणिकेच्या मंडळाने ती नावे गावातून शोधून पूर्ण केली. हे काम आपणही करावे असे मला मनापासून वाटते. त्या बायकांच्या नाती आज चाळिशीत आहेत आणि त्यांना आजीचे माहेरचे नावसुद्धा सांगता येते.

चौथा कागद लेखापरीक्षणाचा अहवाल. त्यात अ, ब, क, ड असा वर्ग असतो, थकबाकीचे आकडे असतात आणि दोष लिहिलेले असतात; शेजारीच संस्थेचा दोषदुरुस्ती अहवाल असायला हवा. वर्ग एकदम ‘ब’वरून ‘ड’वर गेलेला दिसला तर त्या वर्षी काहीतरी मोडले असे समजावे. पण लेखापरीक्षकाला हिशेब दिसतो, पेरणी दिसत नाही. कागदावर संयुक्त आणि शिवारात प्रत्येकाचे वेगळे, अशा संस्थांची मी स्वतः दोन-तीन वर्षे निमूटपणे तपासणी केली आहे. कीर्द जुळत होती, त्यामुळे शेरा मारायला जागा नव्हती.

इथून पाण्याकडे येतो. पाटगावचे धरण होण्यापूर्वी वेदगंगेचे उन्हाळी पाणी भरवशाचे नव्हते. नदीवर कोल्हापुरी बंधारा कधी झाला, सोसायटीने पहिले इंजिन कधी बसवले, वीज कधी आली आणि इंजिनाच्या जागी मोटर कधी आली, या चार तारखा आपल्या वाडीच्या इतिहासाचा कणा ठरतील. त्या बँकेच्या कर्जखात्यात सापडतात. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखेत जुने रोखे नसतील तरी संस्थेकडे बोजाच्या, म्हणजे जमिनीवरील कर्जाच्या, नोंदी असतात, आणि बोजा सातबाऱ्यावर चढलेला असतोच. पाणी येईपर्यंत माळावर नाचणी, भुईमूग, फार तर भात. तेव्हा एकत्र कसण्यात अर्थ होता, कारण एकेकट्याकडे ना पुरी बैलजोडी, ना बी. पैऱ्याने, म्हणजे एकमेकांचे बैल आणि माणसे आळीपाळीने वापरून, काम करायची सवय आपल्याकडे सहकाराच्या कायद्यापेक्षा जुनी आहे. शेती सोसायटीने तिलाच वही आणि शिक्का दिला. पाणी आल्यावर ऊस आला. उसाचे आधी गुऱ्हाळ झाले, म्हणजे गुळाची पट्टी (विक्रीचा हिशेब) अडत्याकडून सोसायटीच्या नावे येत असे. पुढे बिद्रीचा कारखाना उभा राहिला आणि उसाची नोंद सभासदाच्या नावावर होऊ लागली. ज्या दिवशी उसाचे बिल माणसाच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाले, त्या दिवसानंतर एकत्र कसण्याचे कारण झपाट्याने कमी झाले, असे मी ज्या दोन शेती संस्था पाहिल्या त्यांत स्पष्ट दिसते. खते शेतकरी संघाकडून उधारीवर मिळत होती, १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ झाल्यावर म्हशीच्या दुधाचा पैसा घरात येऊ लागला, आणि प्रत्येक सोयीसाठी वेगळी सहकारी संस्था निर्माण झाली. सहकार वाढला आणि सहकारी शेती मागे पडली. दोन्ही एकाच वाडीत, एकाच दशकात.

हे आपल्याकडेही झाले असेल तर ते लपवू नये. बहुतेक स्मरणिकांत १९६४ पासून ‘आजतागायत यशस्वी वाटचाल’ असे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते की एकत्र नांगर चालून तीस वर्षे झाली. एकत्र कसणे कधी थांबले, कोणत्या हंगामात, कशावरून. मजुरीवरून, कर्जाच्या थकबाकीवरून, दुसऱ्या पिढीतील वाटण्यांवरून की पाण्याच्या पाळीवरून. याचा शोध स्थापनेच्या सालाइतकाच महत्त्वाचा आहे. तुलनेसाठी शेजारच्या सांगली जिल्ह्यातील म्हैसाळचे उदाहरण अभ्यासावे. तिथे मधुकरराव देवल यांनी दलित कुटुंबांना बरोबर घेऊन श्री विठ्ठल संयुक्त सहकारी शेती संस्था उभी केली. मला त्या प्रयोगात रस आहे तो यासाठी, की तिथे एकत्र येणाऱ्यांना एकटे कसणे मुळात शक्यच नव्हते. आपल्या वाडीत पहिल्या सभासदांची स्थिती काय होती? भूमिहीन होते, कूळ होते, की दोन-तीन एकरांचे खातेदार होते? सोसायटी किती टिकली याचे उत्तर बहुधा याच प्रश्नात असेल.

तोंडी माहितीबद्दल. म्हाताऱ्या माणसाला ‘वाडी कोणत्या साली बसली?’ असे विचारू नये. तो गेल्या वर्षी कुणाकडून तरी ऐकलेले साल सांगेल. घटनेला घटना बांधून विचारावे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. त्या रात्री आपण कोणत्या घरात झोपला होता, घरावर गवत होते की कौले, हे आठवतेच. नेहरू गेले तेव्हा, म्हणजे मे १९६४ मध्ये, सोसायटीच्या शेतात काय उभे होते? बहात्तरच्या दुष्काळात इंजिन चालू होते का? कोल्हापुरात विद्यापीठ सुरू झाले ते १९६२ चे. वाडीतला पहिला मुलगा कॉलेजला गेला तो त्याआधी की नंतर? एका आजींनी मला सांगितले की त्या लग्न होऊन वाडीत आल्या तेव्हा नदीवरून डोक्यावर पाणी आणावे लागत असे आणि थोरला मुलगा रांगता असताना पाइप आला. त्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून पाण्याचे साल निघाले आणि ते बँकेच्या बोजाशी एका वर्षाच्या फरकाने जुळले. शक्यतो बायकांशी वेगळे बोलावे. पुरुष समोर असले की त्या ‘यांना विचारा’ म्हणतात.

छापील साधनांपैकी १९६० चे कोल्हापूर जिल्हा गॅझेटिअर आणि १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहावी. वाडी स्वतंत्र महसुली गाव नसेल तर तिचे नाव तिथे नसेल आणि मूळ गावाच्या आकड्यांत ती दडलेली असेल. त्या काळच्या वृत्तपत्रांसाठी करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय येथे चौकशी करावी. गारगोटीला जे. पी. नाईकांनी उभारलेले मौनी विद्यापीठ आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी केलेल्या एखाद्या गावपाहणीत आपली वाडी असेल तर ती सोन्याहून मोलाची. नसली तर एक दिवस गेला एवढेच.

दोन गोष्टी जपाव्यात. कर्ज थकवणाऱ्यांची, वसुलीचे दाखले निघालेल्यांची किंवा सोसायटीतून काढलेल्यांची नावे छापू नयेत. घटना लिहावी, आकडा लिहावा, नाव गाळावे, कारण त्यांची नातवंडे त्याच वाडीत राहतात. आणि नव्या शर्तीची जमीन असून तिचे परस्पर व्यवहार झालेले दिसले, तर ते स्मरणिकेत लिहिण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. एखाद्या कौतुकाच्या लेखावरून शर्तभंगाचे प्रकरण निघाल्याचे मी पाहिले आहे.

दप्तर २०१९ च्या महापुरात भिजले होते असे आपण लिहिले आहे. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत आणि उन्हात टाकू नयेत. सावलीत, पानांमध्ये कोरा वृत्तपत्री कागद घालून, तो रोज बदलत वाळवावे. शाई फुटलेली पाने मोबाइलवर तिरप्या उजेडात टिपली तर पुष्कळ अक्षरे वाचता येतात. ही पाने वाळली तरी हाताळण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढून ठेवावा.

आता सालाचे. कागद माझ्या अंदाजाप्रमाणे निघाले तर मुखपृष्ठावर एकच साल टाकण्याचा आग्रह मी धरणार नाही. पहिल्या पानावर ‘वस्ती १९५७ पासून, समाजमंदिर १९६१, संस्थेची नोंदणी १९६४’ असे लिहावे आणि पुढे पहिल्या पाण्याचे साल घालावे. महोत्सवाचे वर्ष मोजायचे असेल तर नोंदणीचे साल धरावे, कारण तेवढेच दाखवता येते. फेरफाराच्या आणि प्रस्तावाच्या नकलांसाठी अर्ज मात्र याच आठवड्यात करावा. अभिलेख कक्षातून जुने बस्ते निघायला वेळ लागतो, आणि साध्या अर्जाला उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात मागण्यासाठी हातात महिनाभर राहायला हवा. फेरफाराची नक्कल हाती आली की तिच्यावरची शर्त आणि मंजुरीचा शेरा जसाच्या तसा उतरवून कळवावा. जमीन संस्थेची होती की सभासदांची, हे त्यावरून कळेल, आणि मग सोसायटीला ‘सामुदायिक’ म्हणायचे की ‘संयुक्त’, हे मसुदा छापखान्यात जाण्याआधी ठरवता येईल.